हिरालालच्या हातातला मोबाइल

राकेशचा सत्कार त्या दिवशी होता. दयाराम सकाळपासून ठेवणीतला पांढरा सदरा घालून दाराशी खुर्ची टाकून बसले होते. गुढियारीतल्या त्या गल्लीतून जो कोणी जाईल त्याला थांबवून ते सांगत होते, की उरल्याच्या स्टील मिलमध्ये आज आपल्या पोट्ट्याला शाल देऊन राहिले, मोठे साहेब येऊन राहिले. दीपमाला आत भावाच्या शर्टाला इस्त्री करत होती. बाहेरचा बाबांचा आवाज मधेच थांबला, तेव्हा तिने मान वर केली.

दारात, मिलमध्ये राकेशसोबत काम करणाऱ्या हिरालालची बायको कमला उभी होती.

"राकेश भैया हैं?"

राकेश केस विंचरत होता तो तसाच बाहेर आला. "भाभी, आओ ना. हिरालाल भैया का हाथ कैसा है?"

कमला आत आली नाही. "भैया, आज वहाँ आप कहानी बोलोगे ना? उसमें इनके हाथ में मोबाइल है क्या?"

कमला पुढे शांतपणे म्हणाली, की ठेकेदाराने काल निरोप पाठवला आहे. ड्युटीवर मोबाइल पाहत होता, म्हणून भाजला; बरा झाला तरी परत येऊ नकोस. दुसरी कुठली मिलही अशा माणसाला घेणार नाही. "मैंने पूछा, किसने देखा? बोले, राकेश के घर वाले खुद बोलते हैं."

एवढं सांगून ती आली तशी निघून गेली. दयाराम खुर्चीवरून उठले आणि चपला शोधू लागले, जणू आताच निघायचं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी मिलमध्ये तापलेली लाल सळई आपली वाट सोडून उसळली होती. हिरालाल तिच्या तोंडाशीच होता. राकेशने उडी मारून त्याला कमरेच्या पट्ट्याला धरून ओढलं. हिरालालचे दोन्ही हात भाजले, जीव वाचला. त्या रात्री घरी आल्यावर राकेशने ही गोष्ट तीन वाक्यांत सांगितली होती. दीपमालेला ती तीन वाक्यं अजून पाठ होती. 'सरिया उचकला. हिरालाल भैया तिथंच होता. मी ओढलं.' मोबाइल त्यात नव्हता.

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. "राकेश, मोबाइल तू पाह्यला होता?"

"मी काय पाहू? मले तर तेचा पट्टाच दिसला. सगळे म्हनतात ना पन."

"सगळे म्हणजे कोण? नाव सांग."

"यशोधनने सांगितलं ऑफिसात."

यशोधन याच गल्लीतला, मिलच्या ऑफिसात कारकून. तो त्या वेळी मिलच्या आत नव्हताच. "त्याला कोणी सांगितलं?"

"दीदी, तू काय पोलीस हायेस का? विहारात ऐकलं असन."

विहारात, रविवारच्या वंदनेनंतर, गोष्ट दयारामांनी सांगितली होती. दीपमाला तिथे होती, पण चहाच्या भांड्यापाशी, मागे. तिने वळून बाबांकडे पाहिलं. दयाराम चपला घालून पुन्हा काढत होते.

"बाबा?"

"असं पाहू नको माह्याकडे," दयाराम म्हणाले. "पुऱ्या विहारात लोक विचारून राहिले, का तो हिरालाल हटला काहून नाही? एवढा लाल सरिया येऊन राहिला, अन् मानूस उभाच? आता याचा मले जवाब नको का द्यायला? राकेश तर काही बोलत नाही. मग मीच म्हनलं, मोबाइल पाहत असन. आजकाल कोन नाही पाहत? लोक हसले. गोष्ट पुढं गेली."

"आणि मिलपर्यंत गेली."

"मी का पाठवली का तिकडं?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "वाईट मनानं नाही म्हनलं मी."

ते खरं होतं. बाबांना मुलगा मोठा दिसायला हवा होता, आणि त्यासाठी शेजारचा माणूस थोडा बावळट असणं सोयीचं होतं. दीपमालेने एम.एस्सी.ला फिजिक्स घेतलं होतं. गणित सोडवताना मोजणीचं शून्य कुठे धरायचं हे आपल्या मर्जीवर असे आणि त्याने उत्तर बदलत नसे. इथे बदलत होतं. राकेशपासून मोजलं की हिरालाल निष्काळजी निघत होता.

"मग तो खरंच हटला का नाही?" तिने भावाला विचारलं.

राकेशने कंगवा खिशात घातला. इस्त्री केलेला शर्ट अंगात घालून तो बटणं लावू लागला.

"सरिया ज्या नाळीतून जातो ना, तिच्या बाजूची प्लेट तुटली होती. दोन दिवसांपासून. काम बंद करायचं नव्हतं, म्हनून सुपरवायझरनं हिरालाल भैयाले संडसी देऊन तिथं उभं केलं. येईल तो सरिया पकडायचा अन् तेचं तोंड सरळ करायचं." त्याने दोन्ही हातांनी मोठा चिमटा धरल्यासारखं करून दाखवलं. "उचकला तवा तेनं सोडला नाही. दाबून धरला. सोडला असता तर सरिया इकडं आला असता."

"इकडं म्हणजे?"

"इकडं मी होतो."

दयाराम खाली बसले.

"हे तू काहून नाही सांगितलं कधी?" त्यांनी विचारलं.

"मले कोनी विचारलं? तुमची गोष्ट माह्या उडीपासून सुरू होते. अन् मॅनेजर साहेब म्हनाले, प्लेटचं स्टेजवर नको. दिवाळीपर्यंत तुले नोकरीत कायम करून घेऊ म्हनाले." मग तो हळूच म्हणाला, "मले बी चांगलं वाटत होतं, दीदी. आजपर्यंत कोनी माह्यासाठी शाल नाही आनली."

तिघं रिक्षाने भनपुरीपर्यंत आले. पुढे ट्रकांच्या रांगेत रिक्षा अडकली. धूळ आत येऊ लागली तशी दयारामांनी रुमालाने सदरा झाकला.

"तू फक्त हात जोड अन् धन्यवाद म्हन," ते राकेशला म्हणाले. "कायम होऊ दे. बाकी मंग पाहू."

"मंग म्हनजे कवा?"

दयाराम सदऱ्यावरचा रुमाल नीट करत बसले. दीपमालेलाही भावाला काय सांगावं ते कळत नव्हतं. बोल म्हणणं सोपं होतं. नोकरी तिची जाणार नव्हती.

मिलच्या आवारात मंडप होता. पहिल्या रांगेत कामगार खात्याचे इन्स्पेक्टर बसले होते, पन्नाशीचे, कंटाळलेले. हिरालालला बोलावलं नव्हतं. सूत्रसंचालन यशोधनकडे होतं आणि त्याने जय्यत तयारी केली होती.

"ज़रा सोचिए," तो माइकवर म्हणाला, "हाथ में मोबाइल, और सामने से आ रही है मौत!" कामगारांमधून हसू उठलं. मागच्या रांगांतले काही जण हसले नाहीत. "लेकिन हिरालाल की क़िस्मत अच्छी थी. आगे सुनिए, हीरो की ज़ुबानी."

राकेश माइकपाशी गेला. मॅनेजर शाल उलगडून बाजूला उभे होते. राकेशने घसा खाकरला आणि समोर पाहिलं. मंडपातले पंखे घरघरत होते. दीपमालेने ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं.

"उस दिन..." राकेश म्हणाला आणि थांबला. "उस दिन मैं बाद में आता हूँ. पहले हिरालाल भैया..."

"हाँ हाँ, उनकी तबीयत अब ठीक है," मॅनेजर हसत म्हणाले आणि त्यांनी शाल राकेशच्या खांद्यावर टाकली. यशोधनने माइक स्वतःकडे ओढला आणि टाळ्या मागितल्या. टाळ्या पडल्या. राकेशचे ओठ हलत होते, पण आवाज पोचत नव्हता. तो शालीसकट तिथेच उभा राहिला. आणखी थोडा वेळ, आणि त्याला खाली उतरावं लागणार होतं.

तेवढ्यात दीपमालेच्या शेजारची खुर्ची मागे सरकली. दयाराम उभे राहिले होते. त्यांचा आवाज विहाराच्या शेवटच्या ओळीपर्यंत बिनामाइक जाणारा.

"एक बात पूछनी है," ते म्हणाले. "हिरालाल हटा क्यों नहीं?"

टाळ्या विस्कटल्या.

"बाबूजी, बताया तो, मोबाइल..." यशोधन म्हणाला.

"मोबाइल मैंने डाला था. मेरे पास जवाब नहीं था, तो डाल दिया. अब जिसके पास है, उसको बोलने दो."

यशोधनचा चेहरा पडला. त्याने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने त्याच्याकडे. त्या अवधीत राकेश माइकशिवायच बोलू लागला. आधी प्लेट तुटल्याचं, मग सुपरवायझरने संडसी दिल्याचं. संडसी दोन्ही हातांनी धरावी लागते, हेही त्याने सांगितलं आणि हात पुढे करून दाखवलं; त्या धडपडीत शाल खांद्यावरून घसरून पडली. ती कोणी उचलली नाही. "छोड़ देते तो मैं मरता," तो म्हणाला. "मैंने तो बाद में खींचा. दो सेकंड का काम था मेरा."

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "सही बोल रहा है." मग आणखी एक आवाज आला.

इन्स्पेक्टरांनी हातातला चहाचा कप खुर्चीखाली ठेवला. "जगह दिखाओ," ते म्हणाले.

मिल त्या वेळी बंद होती, तरी आत गरम वाफ होती. घोळका मागोमाग गेला. दीपमालेने नाळ पाहिली. सगळं लोखंड काळं पडलेलं, फक्त एका बाजूची प्लेट निळसर, चकचकीत. ती नवी होती, तिला अजून आच लागलेलीच नव्हती. इन्स्पेक्टरांनी जोडावरून बोट फिरवलं.

"ये कब लगी?"

सुपरवायझर मॅनेजरकडे पाहू लागला. मॅनेजर म्हणाले, रेकॉर्ड पाहून सांगावं लागेल. आणि राकेशजवळून जाताना खालच्या आवाजात म्हणाले, "सोमवार को मिलना मुझसे." राकेशने मान हलवली.

"वो आदमी रहता कहाँ है?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"साब, गुढियारी में, हमारे पास ही. मैं ले आता हूँ," राकेश म्हणाला.

"लाना नहीं है. मैं जाऊँगा उसके पास. बाक़ी उसी से सुनूँगा." त्यांनी सुपरवायझरला सोबत यायला सांगितलं.

घोळका त्यांच्यामागे फाटकाकडे सरकला. ज्याच्यासाठी मंडप घातला होता त्याला आता कोणी काही विचारत नव्हतं. राकेश बंद यंत्राला टेकून उभा होता आणि दयाराम त्याच्या शर्टावरची धूळ झटकत होते.

"आता सोमवारी काय होईन?" राकेशने विचारलं.

"मले काय मालूम," दयाराम म्हणाले. "मी येईन संग."