बादलीतले कल्ले

मला एक किडा हवा होता. खरं तर पाच-सहा, पण एकावरही मी नाचलो असतो.

टांगानिका सरोवराकाठच्या मत्स्यकेंद्रात मी माशांच्या कल्ल्यांतले परजीवी शोधतो. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हे किडे कल्ल्याला आकड्यांनी चिकटतात, आणि आकड्याच्या घडणीवरून त्यांची जात ठरते. गेल्या आठवड्यात खडकातल्या एका पिवळ्या माशावर मला असा किडा मिळाला, की त्याच्या आकड्याला दोन बाक! जगात कुणी नोंदवलेला नाही. आमच्या डॉक्टर मविम्बाबाईंनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं आणि माझ्या उत्साहावर पाणी ओतलं.

"सिमुचिम्बा, एकावरून जात ठरत नाही. वरची काच दाबताना आकडा वाकला असेल. आणखी आण."

तो मासा फक्त धक्क्यावर मासळी विकणाऱ्या नकाझ्वेबाईंच्या जाळ्यात येतो. त्यांना सांगून ठेवलं, दहा मासे हवेत, जसेच्या तसे. सकाळी धक्क्यावर गेलो तर दहाही चकाचक, आणि एकालाही कल्ले नाहीत. आमच्याकडच्या बायका लाडक्या गिऱ्हाइकाला कल्ले काढून मासा देतात, म्हणजे तो लवकर नासत नाही. माझं डोकंच फिरलं.

"अहो, जसेच्या तसे म्हणालो होतो ना!"

"तसं सगळेच म्हणतात आणि घरी बायकोच्या शिव्या खातात. कल्ले काय चघळणारेस?"

"मला कल्लेच हवेत! मासे तुम्ही खा!"

"असलं येडं गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "त्या बादलीत आहेत. खेकड्यांसाठी ठेवलेत."

बादलीत सकाळच्या सगळ्या माशांचे कल्ले, पाच-सहा जातींचे, एकमेकांत गुंतलेले. कुठला कुणाचा हे कळल्याशिवाय त्यांचा उपयोग शून्य. मी मटकन खाली बसलो. नकाझ्वे शेजारी बसल्या. एक कल्ला उचलून त्यांनी एका पिवळ्या माशाच्या डोक्यात बसवून पाहिला. जमला नाही. दुसऱ्याला लावला, तर कापाला काप जुळला.

"माझ्या सुरीचा काप मला कळत नाही होय?"

तासाभरात दहाही माशांचे कल्ले आपापल्या घरी पोचले. बादली परत न्यायला म्हणून त्या केंद्रापर्यंत आल्या आणि दारातच थांबल्या. दुपारपर्यंत सात किडे मिळाले. सातांच्याही आकड्यांना दोन-दोन बाक! मला रडूच आलं.

"नवीनच आहे रे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नाव काय ठेवतोस?"

"नाव या नकाझ्वेच ठेवतील," मी दाराकडे बोट केलं.

आमच्यात बाईला थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारतात, बाना-अमुक, म्हणजे अमुकची आई. पंचावन्नाव्या वर्षीही नकाझ्वे नुसत्या नकाझ्वेच होत्या.

"कासुबा," त्या लगेच म्हणाल्या. "सूर्य. मुलगा असो की मुलगी, दोघांना चालतं." मग जरा चाचरत, "हा नर आहे की मादी?"

"एकाच अंगात दोन्ही असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग बरंच झालं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी धक्क्यावर सगळ्यांना ठणकावलं, "आजपासून मला बाना-कासुबा म्हणायचं." बायका पोट धरधरून हसल्या.

"किड्याची आई!" एकजण ओरडली.

"हो," बाना-कासुबा म्हणाल्या. "सात आहेत. तुला किती?"