विहीणबाईंची कादंबरी

वालीवच्या कारखान्यात जयवंतने उभी हयात माल तपासण्यात घालवली. एक साधा नटसुद्धा त्याच्या हाताखालून न तपासता गेला नाही. निवृत्तीनंतर पुस्तकंही तो तशीच वाचायचा. शब्द कळल्याशिवाय पुढे सोडायचा नाही.

अशा माणसाच्या हाती होणाऱ्या विहीणबाईंनी स्वतः लिहिलेली कादंबरी द्यावी, याला नशीबच म्हणायचं. रोझलिनबाई वसईच्या, निवृत्त शिक्षिका. कादंबरीतली माणसं त्यांच्या गावच्या ख्रिस्ती घरांतली बोली बोलत होती आणि तळटीप औषधालाही नव्हती. मूळच्या साताऱ्याच्या जयवंतला पहिल्याच पानावर घाम फुटला. लग्नघरी बायका फुगे तळत होत्या, तिथे तर तो अर्धा दिवस अडकला. शेवटी होणाऱ्या जावयाला फोन लावला.

"काका, ते खायचे असतात," स्टॅनी म्हणाला. "पिठाचे. मटणाच्या रश्श्याबरोबर."

जयवंतने फुगे पास केले. मग फोनच सुरू झाले. हा सण कुठला, ती प्रार्थना कसली, हा दागिना हातातला की कानातला. स्टॅनी फोन उचलेनासा झाला.

"बाबा, तो ऑफिसात मीटिंगमध्ये असतो," क्षितिजा वैतागली. "लग्नाआधीच पळवून लावाल त्याला."

रविवारी रोझलिनबाई विरारला जेवायला येणार होत्या. आल्या की विचारणारच, कशी वाटली. ती भीती होतीच, पण जयवंतची खरी धास्ती वेगळी होती. आपली पोर ज्या घरात जाणार ते घर या पुस्तकात होतं, आणि त्याला ते समजत नव्हतं.

"अहो, मी कोकणातून तुमच्या घरी आले तेव्हा सासूबाईंचं निम्मं बोलणं डोक्यावरून जायचं," वसुंधरा मेथी निवडता निवडता म्हणाली. "दर शब्दाला अडले असते तर अजून उंबऱ्यातच उभी असते. रागावल्यात की लाड करतायत एवढं कळलं की भागायचं. वाचा पुढे."

नाइलाजाने तो वाचू लागला. न तपासलेला माल हातावेगळा करताना सुरुवातीला जीव कासावीस झाला, मग केव्हातरी तो थांबायचंच विसरला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सगळे वाजतगाजत विहिरीवर उंबराचं पाणी आणायला गेले, नवरीला न्हाऊ घालायला. बायका कळश्या घेऊन नाचत परतल्या, बँड लांब गेला आणि नवरीचा बाप एकटाच विहिरीवर मागे राहिला. प्रकरण तिथेच संपलं. जयवंत पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत उभा होता.

रविवारी जेवणं झाली आणि रोझलिनबाईंनी विचारलंच. "खरं सांगा, कुठे अडलं?"

"अडलं पुष्कळ," जयवंत म्हणाला. "पण तो बाप विहिरीवर का थांबला, ते तुम्ही लिहिलंच नाही."

"कारण मलाच माहीत नाही. माझे वडील तसेच थांबले होते. तेव्हा मी विचारलं नाही आणि आता विचारायला ते नाहीत."

जयवंतने क्षितिजाकडे पाहिलं.

"तोंड धुवायला थांबले असतील, विहीणबाई," तो म्हणाला. "रडलेलं तोंड घेऊन बँडमागे कसं जायचं?"

रोझलिनबाईंनी पदराने डोळे टिपले.

"तुमच्या इमारतीला कुठली विहीर," त्या म्हणाल्या. "आमच्याच विहिरीवर या. तुमचं तोंड धुऊन होईस्तोवर मी बँड थांबवते."