एका टॉफीचे चार तुकडे

दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात नळी धरून लाळ ओढायची, हे तिचं काम. दातांच्या दवाखान्यातली मदतनीस. संध्याकाळी हात खांद्यापासून गळून जायचे, तरी घरी जाताना ती बापासाठी टॉफ्या घ्यायचीच. रक्तदाबाच्या गोळ्यांनी त्याचं तोंड वाळायचं. चघळायला काही असलं की बरं वाटायचं. दमलेल्या जिवाची माया, पिशवीच्या तळाशी मावेल एवढी.

आज बापच खुर्चीत होता. कवळी ज्या दोन दातांना अडकायची, ते हिरडीपाशी मऊ पडले होते. ते गेले की कवळी गेली, आणि चावून खाणंही गेलं.

"दिवसाला किती टॉफ्या, काका?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"चारच! लेक आणते, म्हणून पुरवून खातो." चाळीस वर्षं शिवणकाम केलेला म्हातारा ऐटीत म्हणाला, "एकेकीचे कात्रीनं चार तुकडे. दिवसभर पुरतात."

सोळा वेळा. तिनं मनातल्या मनात हिशेब केला.

"काका, चारही जेवणाबरोबर खाल्ल्या असत्या तर दातांनी सोसलं असतं. गोड लागलं की दात उसवतो, मग लाळ त्याला बराच वेळ शिवत बसते. तुमची लाळ आधीच आटलेली. टाका बसायच्या आत तुम्ही पुन्हा उसवताय."

"म्हणजे काटकसर नडली!" तो लेकीकडे वळला. "आणि तू गं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आणि बापाचं तोंड कोरडं पाषाण!"

"मीच आणत होते ना, बाबा," ती म्हणाली. दवाखान्यात पोरांना घेऊन येणाऱ्या किती आयांना तिनं रोज हेच समजावलं होतं.

डॉक्टरबाईंनी सांगितलं: टॉफी बंद. घोटघोट पाणी. झोपताना फ्लोराइडची जास्त ताकदीची पेस्ट. रक्तदाबाच्या गोळ्या बदलता येतील का, ते त्या देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं.

"दात वाचतील?" तिनं हळूच विचारलं.

"अजून खड्डा नाही. टणक होऊ शकतात. पण शब्द देत नाही."

रात्री घरी जेवणं उरकल्यावर ती ब्रश आणि ती पेस्ट घेऊन बापासमोर बसली.

"आ करा."

दिवसभरातलं हे तेविसावं तोंड. त्या दोन दातांभोवती तिनं ब्रश फिरवला, सावकाश, जुन्या कापडावरून हात फिरवावा तसा. तो थुंकला आणि पाण्याच्या भांड्याकडे वळला.

"चूळ नाही भरायची, बाबा. पेस्ट दातांवर राहू दे."

"कधीपर्यंत?"

"सकाळपर्यंत."

"चव कसली घाण आहे गं!"

"असू दे."

भांडं मांडीत घेऊन, भिंतीला डोकं टेकून, ती त्याच्याशेजारीच बसून राहिली.