घर्षण ओळखणारी फळी

मित्रांनो, सावेडीतील एका शाळेच्या प्रयोगशाळेत, रसायनांच्या कपाटाला टेकून मी उभी असते. मी जुनी सागवानी फळी. सहादेव मिस्त्रींनी मला रंधा मारून दोन भागांत घडविले. एक उतरता, दुसरा सपाट. जोडावर त्यांनी वळणदार पत्रा बसविला. ठोकळा वरून घसरत यावा, अलगद वळावा आणि सपाटीवर विसावावा, हे माझे जीवितकार्य.

भौतिकशास्त्राच्या दमयंतीबाईंनी मला मानाने वागविले. त्या म्हणत, "उंचावरच्या ठोकळ्याजवळ स्थितिज ऊर्जा असते. खाली येताना तिची गतिज ऊर्जा होते, पण सगळीची नाही. वाटेत घर्षण आपला वाटा घेते आणि त्याची उष्णता होते. तो वाटा विसरलात, तर तुमचा ठोकळा वहीत कधी थांबायचाच नाही."

पुढे एका तपासणीपूर्वी शिपाई आसाराम यांनी मोठ्या मायेने मला पॉलिश केले. मी लखलखले; पण त्या दिवशी प्रत्येक ठोकळा सपाटी ओलांडून जमिनीवर पडला. मग भिंतीवर पडदा आला, चित्रे हलू लागली आणि मी कपाटामागे गेले. सहा वर्षे माझ्या अंगावरून काहीच घसरले नाही, धुळीखेरीज.

एका शनिवारी वृषाली आली. बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता सुप्याच्या एका कारखान्यात पर्यवेक्षक. चेहरा उतरलेला.

"बाई, आमच्याकडे एक मीटर वीस उंचीच्या ओट्यावरून पेट्या पत्र्याच्या उतरणीने खाली येतात. खाली मनकर्णाताई त्या उचलतात. पेटी थेट त्यांच्या पायांशी येते. गेल्या आठवड्यात अंगठ्याचे नख गेले. मागे यंत्र आहे, सरकायला जागा नाही. म्हणून मी उतरण लांबवली, उतार कमी केला."

"मग?"

"पेटी सावकाश येते, पण थांबते तिथेच. लोक हसतात. म्हणतात, मॅडमनी पेटीला चांगला रस्ता करून दिला. सोमवारी ताई पुन्हा तिथेच उभ्या राहणार."

बाई म्हणाल्या, "आसाराम, ती फळी काढा."

"बाई, ती लई घसरडी हाय. म्याच केलीय."

"ठाऊक आहे. घासायला पॉलिश पेपरही आणा."

अर्धा तास आसाराम मला घासत होते. माझे खडबडीतपण परतले. बाईंनी एकच उंची ठेवून ठोकळा प्रथम तीव्र उतारावरून सोडला, नंतर सौम्य उतारावरून. सुटल्या जागेपासूनचे आडवे अंतर मोजले. दोन्ही वेळी सारखेच भरले.

वृषालीने स्वतः पुन्हा मोजून पाहिले. "असं कसं?"

"तीव्र उतारावर ठोकळा फळीला कमी दाबतो, म्हणून घर्षण कमी, पण तेवढेच आडवे अंतर जायला वाट अधिक. दोन्ही गोष्टी एकमेकींना नेमक्या भरून काढतात. घर्षणाचा वाटा ठरतो तो आडव्या अंतरावर. पेटीचे वजन किती?"

"वीस किलो. सपाट पत्र्यावर स्प्रिंगकाट्याने ओढली, तर काटा सहा किलोवर राहतो."

"म्हणजे घर्षण गुणांक शून्य पूर्णांक तीन. उंचीला त्याने भाग, पेटी आडवी किती जाईल ते कळेल."

"चार मीटर." ती थबकली. "ताई ओट्यापासून चार मीटरवरच उभ्या असतात."

"आणि उतरणीचा आडवा पाया किती?"

"आता दोन मीटर. म्हणजे पायथ्याशी निम्मी ऊर्जा संपली, निम्मी उरली. सपाटीवर घर्षण दुप्पट केलं, तर उरलेली दोन मीटरांऐवजी एकाच मीटरात संपेल. बाई, रबराची चटई."

"आता तू माझी विद्यार्थिनी शोभतेस."

सोमवारी बाई आणि वृषालीबरोबर मीही टेम्पोतून सुप्याला गेले. मनकर्णाताई अंगठ्याला चिंधी बांधून उभ्या होत्या. त्यांनी आम्हां सर्वांकडे शांतपणे पाहिले.

"मॅडम, मागल्या बारीलाबी तुमी असंच सांगितलं हुतं. आदी ह्या फळीवर दावा. मंग माजे पाय."

माझ्या सपाट भागावर रबराची पट्टी अंथरली. ठोकळा आला आणि सपाटीवर पूर्वीच्या निम्म्याच अंतरात थांबला. मग खऱ्या चटईवर पेटी ओढून पाहिली. काटा सहाऐवजी बारावर राहिला. तरीही मनकर्णाताई आपल्या जागेवर जाईनात. तेव्हा वृषाली स्वतः त्यांच्या जागी जाऊन उभी राहिली.

"पहिली पेटी माझ्याकडे सोडा."

पेटी सुटली. पत्रा खणखणला, चटईवर घरघर झाली आणि वृषालीच्या पायांपासून एक मीटर अलीकडे पेटी निमूट थांबली. दुसरीही तिथेच. तिसरीही.

मनकर्णाताईंनी पदर खोचला. "व्हय. आता पेटीकडं मलाच जावं लागंल. जाते की." आणि त्या पुढे झाल्या.

मित्रांनो, वहीत उतरणीची आकृती काढताना तुम्ही उंची लिहिता, वस्तुमान लिहिता, कोन लिहिता. ते अवश्य लिहा. घर्षणालाही त्याचे स्थान द्या, कारण थांबविणारे तेच आहे. मात्र पेन उचलण्यापूर्वी माझी एक विनंती ऐका. त्या उतरणीच्या तळाशी कोण उभे आहे, हे आधी विचारीत जा.