अंदाजाचं आमेन

चर्चमधलं पुलपीट, म्हणजे धर्मगुरूंनी प्रवचन द्यायचा उंच लाकडी मंच, कुणाच्याही नजरेत भरावं असं होतं, आणि एखाद्याच्या भरलं नाही तर ते बांधणारा मिस्त्री जातीने भरवायचा. "हात फिरवून बघा," तो नव्या माणसाला म्हणायचा. "एक खिळा सापडला तर सुतारकाम सोडतो." तीस वर्षांत खिळा कुणाला सापडला नव्हता. पाच पायऱ्या, वर उंच कठडा, पुढे पवित्र शास्त्र ठेवायला उतरती फळी, आणि सगळं खाचेत खाच बसवून केलेलं. पाळक संदेश द्यायला उभे राहिले की मिस्त्रीचं निम्मं लक्ष सांध्यांकडे असायचं. देव याचा राग मानत असेल असं त्याला वाटत नव्हतं. चांगलं काम बघणं हीसुद्धा उपासनाच, असं त्याचं सरळ मत होतं.

येत्या रविवारी त्या पुलपिटात त्याची स्वतःची लेक उभी राहणार होती.

लेक आधी पुलांचे आराखडे करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत होती. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी जेवताना तिने सांगितलं, की नोकरीचा राजीनामा दिलाय आणि पाळक होण्याचं शिक्षण घेणार आहे. मिस्त्री पानावरून उठला. "भरल्या ताटाला लाथ मारलीस," एवढंच म्हणाला, आणि त्यानंतर या विषयावर बाप-लेकीत एक शब्द झाला नाही.

राग म्हणाल तर सहा महिन्यांत निवळला होता. लेक दवाखान्यात अनोळखी माणसांच्या उशाशी बसते, भांडून वेगळ्या झालेल्या दोघा भावांना तिने एका टेबलावर आणलं, अशा गोष्टी कानावर येऊ लागल्या तसं त्याच्या अंगावर मूठभर मांस चढू लागलं. वखारवाल्याला सांगून झालं, न्हाव्याला सांगून झालं, वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला पाणी देऊन बसवून सांगितलं. फक्त लेकीला सांगितलं नाही.

"एकदा बोला की तिच्याशी," बायको म्हणायची.

"तिला काय कळत नाही?"

"नाही कळत. लाकूड तुम्हाला हात फिरवून कळतं. माणसाला सांगावं लागतं."

पटायचं त्याला. पण आज सांगू, उद्या सांगू करता करता तीन वर्षं गेली, आणि इतक्या उशिरा विषय काढायचा तर तो कुठल्या टोकाने धरायचा, हेच त्याला सुचेना.

आता रविवारी लेकीचा पहिला संदेश होता आणि लगेच त्यानंतर मंडळीचा कौल. हात वर झाले तर ती इथली पाळक होणार, नाहीतर दुसरं गाव शोधायचं. अडचण अशी, की पुलपीट मिस्त्रीने सहा फुटी पाळकांच्या मापाने बांधलं होतं आणि लेक आईच्या वळणावर गेली होती. कारभार बघणारा सेक्रेटरी हसत म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या मुलीचा फक्त भांग दिसेल."

मिस्त्रीने त्याच जुन्या ओंडक्याची राखून ठेवलेली फळी काढली आणि आत ठेवायला एक ऐसपैस पायरी करायला घेतली. माप द्यायला लेक वर्कशॉपमध्ये आली. भिंतीला टेकून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, मी खालीच उभी राहिले तर? लोकांच्या जवळ?"

मिस्त्रीचा टेप हातातच राहिला. "का? लाज वाटते वर चढायची?"

"तसं नाही हो."

"मास्तर काय म्हणतील माहीत आहे? पोरीची छाती झाली नाही म्हणतील."

मास्तर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, चर्चच्या पंचांमधले सगळ्यांत वयस्कर. बाईमाणसाने पाळक होण्याला त्यांचा विरोध नव्हता, पण कुठल्याच नव्या गोष्टीला ते पहिल्या फटक्यात हो म्हणत नसत. लेकीने पाय जुळवून पाठ ताठ केली. मिस्त्रीने माप घेतलं आणि पायरी अशी केली, की तिच्यावर एखादं बाळ रांगलं तरी कुसळ टोचू नये.

इथे मिस्त्रीचं एक गुपित सांगायला हवं. चाळीस वर्षं रंध्याच्या मशीनशेजारी काढल्यावर त्याचे कान गेले होते. समोरासमोर, ओठ दिसत असले आणि बोलणारा जरा खणखणीत असला तर निभायचं. लांबून आलेलं बोलणं म्हणजे नुसती गुणगुण. गेली सात वर्षं चर्चमध्ये त्याला संदेशातलं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. हे फक्त बायकोला ठाऊक होतं, आणि दोघांनी मिळून एक पद्धत बसवली होती. बायकोच्या कोपराचा एक धक्का म्हणजे मोठ्याने आमेन, दोन म्हणजे उभं राहायचं, तीन म्हणजे हसा. इतर पुरुषांच्या आधी मिस्त्रीचं आमेन येई, आणि मंडळीत त्याच्या भक्तीची तारीफ व्हायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. लेकीलाही बाबा "जरा कमी ऐकतात" इतपतच माहीत होतं.

रविवारी नेमकी गडबड झाली. गायकांमध्ये दोघी आजारी पडल्या आणि बायकोला गायला पुढे जावं लागलं. मिस्त्री तिसऱ्या बाकावर एकटाच उरला. शेजारची जागा रिकामी, आणि खूण करणारं कोपरही नाही.

लेक पाच पायऱ्या चढली, सहावीवर उभी राहिली. पूर्ण चेहरा, खांदे, फळीवर टेकलेले दोन्ही हात, सगळं कसं मापात बसलं होतं. मिस्त्रीचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत हे पुलपीट इतकं शोभून दिसलं नव्हतं, असं त्याला मनापासून वाटलं.

मग ती बोलू लागली आणि त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला काहीच ऐकू येत नाही. आवाज मुळात हळू, आणि मान कागदावर झुकलेली असल्यामुळे ओठही दिसेनात. इतर पाळकांचं ऐकू आलं नाही तेव्हा त्याला कधी चुटपुट लागली नव्हती. आज मात्र लागली. लेकीचा पहिला संदेश, आणि बाप दगडासारखा बसलेला.

तेवढ्यात ती थांबली. मान वर करून थेट त्याच्याकडेच बघू लागली. चर्च शांत झालं. आमेनची जागा असावी, असा मिस्त्रीने अंदाज बांधला. लेकीच्या संदेशाला बापाचं आमेन मागे पडता कामा नये म्हणून त्याने पोटातून जोर लावला.

"आमेन!"

सगळी डोकी त्याच्याकडे वळली. कुणी तोंडावर रुमाल धरला, कुणी खाली मान घातली. गायकांत बायकोने कपाळाला हात लावला. लेक पांढरीफटक पडली होती. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग आईकडे बघितलं. आईने हळूच स्वतःच्या कानाला बोट लावून मान हलवली.

लेकीने कागदांची घडी केली. सहावी पायरी उतरली, मग पाच उतरली, आणि तिसऱ्या बाकापाशी बापाच्या समोर येऊन उभी राहिली. उरलेला सगळा संदेश तिने तिथून, मान वर ठेवून, खणखणीत आवाजात दिला. दुखणेकऱ्यापाशी बसल्यावर आपण काय बोलावं याची तयारी करून जाते, आणि तिथे गेल्यावर ऐकायचंच काम जास्त असतं, असं ती सांगत होती. मिस्त्रीने सात वर्षांत पहिल्यांदा एक संदेश ऐकला. शेवटी शेवटी त्याला समोरचं नीट दिसेना, तरी ऐकू येत होतं.

संदेश संपला. सेक्रेटरी कौलाचं काही बोलणार तोच मास्तर उभे राहिले. त्यांचा आवाज शाळा गाजवलेला, तो मिस्त्रीलाही ऐकू आला. "पोरगी बोलली छान. पण अर्ध्यातून खाली उतरली. पाळकाची जागा वर आहे. ती धरून ठेवता आली पाहिजे."

दोघं-चौघं माना डोलावू लागले. मिस्त्री उठला. आपण का उठलो हे त्याला उठल्यावर कळलं.

"ती माझ्यासाठी उतरली," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही. सात वर्षं झाली. सात वर्षं मी अंदाजाने आमेन म्हणतोय."

कुणी हसलं नाही. मिस्त्रीची कानशिलं तापली होती, पण आता मूठ उघडलीच होती. "पुलपीट मी बांधलं. त्यात खोट काढणाऱ्याशी मी भांडत आलो. आज खोट मीच सांगतो. ते माझ्यासारख्यांना फार लांब आहे. हिला ते एका नजरेत कळलं. तुम्हाला आणखी कसला पाळक हवाय, मला माहीत नाही."

तो बसला. मागच्या बाकावरची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "मलापण आज पहिल्यांदा सगळं ऐकू आलं बाई," आणि ते सगळ्या चर्चने ऐकलं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सेक्रेटरीने विचारायच्या आधीच त्यांनी हात वर केला. "लिहून घ्या," ते म्हणाले. त्यांच्यामागे एकेक हात वर होत गेला, आणि खाली राहिलेला हात शोधूनही सापडला नाही.

बाहेर अंगणात लोकांनी लेकीला गराडा घातला. मिस्त्री एका बाजूला थांबून राहिला. गर्दी जरा पांगल्यावर ती स्वतःच त्याच्यापाशी आली आणि समोर उभी राहिली.

"मी आमेन म्हटलं," मिस्त्री म्हणाला, "तेव्हा तू काय बोलली होतीस?"

"जाऊ द्या ना बाबा."

"सांग."

लेकीने आजूबाजूला पाहिलं. मग ओठ नीट हलवत म्हणाली, "मी म्हटलं होतं, की हातची नोकरी सोडून मी चूक केली असं माझ्या घरच्यांना वाटलं, आणि अजूनही वाटत असेल."

मिस्त्री एक पाऊल पुढे झाला. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवून, तिच्यापुरतं, अगदी हळू बोलायचं म्हणून तो म्हणाला, "नाही वाटत. तू बरोबर केलंस. मला तुझा फार अभिमान आहे."

कान गेलेल्या माणसाचं हळू ते केवढं असणार. फाटकापर्यंत पोचलेली माणसं मागे वळून बघू लागली, आणि अंगणाच्या पार दुसऱ्या टोकावरून मास्तर म्हणाले, "आमेन."