घरी सोडल्याची तारीख

रकाना १. अर्जदार

अर्जदार कँटीनमधल्या मावशी. पण अर्ज पुढ्यात घेऊन डोकं धरून बसली होती ती चाळणी. कंपनीच्या आरोग्य योजनेची तपासणी तिच्याकडे होती. कर्मचाऱ्यांचे दावे नियमाप्रमाणे मंजूर होतात की नाही, हे गेली नऊ वर्षं ती बघत होती. हिच्या हातून खडा निसटत नाही म्हणून सगळं ऑफिस तिला पाठीमागे चाळणी म्हणायचं. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

आज नाही आवडलं.

रकाना २. थोडक्यात तपशील

मावशींचा नवरा अकरा दिवस हॉस्पिटलात होता. बाराव्या दिवशी तिथेच गेला. जावयानं दुकान गहाण टाकून बिल भरलं. दावे निकाली काढायला नेमलेल्या बाहेरच्या कंपनीनं मावशींचा अर्ज तीनदा परत पाठवला, आणि तिन्ही वेळा कारण एकच दिलं: रकाना सात रिकामा. अपिलाची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

रकाना ३. इतर माहिती, असल्यास

"मावशी, तीनदा परत आलं आणि तुम्ही मला आज सांगताय?"

"आले होते की. दोनदा. तुम्ही मीटिंगमध्ये होतात."

"मग चहाबरोबर चिठ्ठी पाठवायची."

"चहाबरोबर मी बिस्किटं पाठवते."

"बरं, सातवा रकाना का नाही भरला?"

"काय भरू?"

चाळणीनं चष्मा वर केला आणि सातवा रकाना वाचला. घरी सोडल्याची तारीख.



रकाना ४. संपर्क

दाव्यांच्या कंपनीत फोन उचलायला एक गोडबोल्या होता.

"एवढंच ना मॅडम? मृत्यूची तारीख टाका तिथे. पुष्कळ जण तेच करतात."

"म्हणजे घरी सोडलं असं लिहायचं?"

"लिहायचं नाही हो, भरायचं. सिस्टिमला तारीख लागते. कसली, ते ती विचारत नाही."

"ही काय पद्धत झाली?"

"फॉर्म तुमच्याकडूनच आलाय मॅडम. आम्ही आपले हमाल."

बरोबर होतं. फॉर्म आठ वर्षांपूर्वी तिनंच केला होता. एकही रकाना कोरा राहिल्यास दावा परत, हे कलमही तिचंच. गबाळे अर्ज येतात म्हणून वैतागून घातलेलं.

तिनं फोनवर हात ठेवून मावशींकडे पाहिलं. मावशींनी सगळं ऐकलं होतं.

"मी नाही लिहिणार," मावशी म्हणाल्या. "लेकीनं पलंगावर धुतलेली चादर घालून ठेवली होती. घरी आले असते तर मला कळलं नसतं का?"

रकाना ५. जोडलेले कागद

दर तिमाहीला चाळणी दोनशे दावे उचलून तपासायची. ते सगळे मंजूर झालेल्यांतले. नाकारलेल्या दाव्यात पैसे जातच नाहीत, मग तपासायचं काय? हेही तिनंच लिहून ठेवलं होतं, तपासणीच्या वहीत, पहिल्याच पानावर.

आज पहिल्यांदा तिनं नाकारलेल्यांची यादी उघडली. त्यातले फक्त सातवा रिकामा असलेले अर्ज बाजूला काढले.

एकतीस निघाले.

सगळे गेलेल्या माणसांचे. त्यातल्या चौघांच्या शोकसभेला ती स्वतः मान खाली घालून उभी राहिली होती.

रकाना ६. वरिष्ठांचा शेरा

"लिहून ठेवा. पुढच्या तिमाहीत घेऊ," साहेब म्हणाले.

"मुदत आज आहे."

"मग तारीख टाका आणि मोकळ्या व्हा. कशाला काथ्याकूट करताय?"

"खोटी तारीख मी पकडली की तुम्ही माणसाला नोकरीवरून काढता. मागच्या वर्षी दोघांना काढलंत."

"म्हणून तर म्हणतो, तुम्ही टाका. तुम्हाला कोण पकडणार?"

रकाना ७. घरी सोडल्याची तारीख

. . . . . . . . . . .

फक्त कार्यालयीन उपयोगासाठी. येथे काही लिहू नये.

योजनेची मूळ पुस्तिका कपाटाच्या तळाशी सापडली. पान त्रेचाळीस: अपील साध्या कागदावर लेखी दिलं तरी चालेल. हे वाक्य तिनं लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते शिल्लक राहिलं होतं.

तिनं कागद ओढला. माणूस घरी आला नाही, सबब तारीख नाही, एवढंच लिहिलं. खाली मावशींची सही घेतली आणि दोघी टॅक्सीत बसल्या.

दाव्यांच्या कंपनीच्या काउंटरवर एक मुलगी होती. "फॉर्म ऑनलाइनच घेतो आम्ही."

"पान त्रेचाळीस वाच."

"मी वाचून काय उपयोग? शिक्का साहेबांकडे असतो."

"साहेब कुठेत?"

"जेवायला गेलेत."

"साडेचार वाजता?"

"उशिरा जेवतात."

चाळणी काउंटरवर बुक्की मारणार होती. मावशींनी तिचं मनगट धरून तिला बाकावर बसवलं. "बसा. पंचवीस वर्षं मी लोक जेवून उठायची वाट बघतेय. पोट भरल्यावर माणूस फार वाद घालत नाही."

चार त्रेपन्नला साहेब दात कोरत आले. पान वाचलं, पुन्हा वाचलं, मग शिक्का मारला.

जिन्यात मावशींनी कागद उजेडाकडे धरला. "म्हणजे मिळणार?"

"म्हणजे आता नाही म्हणायला त्यांना दुसरं कारण शोधावं लागेल."

"शोधतील?"

"मी त्यांच्या जागी असते तर शोधलं असतं."

 दोन पायऱ्या उतरल्यावर मावशींनी तिच्या हातातली जड पुस्तिका काढून आपल्या पिशवीत घातली.

तपासणी करणाऱ्याची सही

ऑफिसात परतून चाळणीनं अहवाल लिहिला. दोष कोणाचा, या ओळीपुढे स्वतःचं पद लिहून सही केली. तिचे साहेब तो पुढच्या तिमाहीत वाचणार होते. उरलेल्या तीस घरांची मुदत केव्हाच उलटली होती. ते दावे पुन्हा उघडायचे तर तीस नवे अर्ज लागणार होते, आणि ते मागायला तोंड तिलाच उघडावं लागणार होतं.

यादीतला पहिला नंबर बंद. दुसऱ्यावर बराच वेळ घंटी वाजली. मग एका बाईनं फोन उचलला.

"मी आरोग्य योजनेच्या ऑफिसातून बोलतेय. तुमच्या दाव्याबद्दल."

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आता आणखी काय भरायचं राहिलंय?" बाई म्हणाल्या.