तासाला बारा हजार

टेसी फारुजाचा उजवा हात कामामुळे दुखतो की नाही, हे शुक्रवारी अकरा वाजता कंपनीचे डॉक्टर ठरवणार होते. ‘नाही’ ठरलं तर सोमवारपासून तिने पुन्हा यंत्रावर बसायचं, नाहीतर नोकरी सोडायची. तिचं वय एकेचाळीस. त्या हाताने तिला ओला टॉवेल पिळता येत नव्हता.

हे १९८५ सालचं मेलबर्न. आमची कंपनी विम्याची. तळमजल्यावरच्या लांब खोलीत बावीस बायका दिवसभर अर्जांवरचे आकडे यंत्रात भरत. बहुतेक माल्टाच्या, ग्रीसच्या, युगोस्लाव्हियाच्या. शरीरशास्त्राची पदवी घेऊन मी सुरक्षा अधिकारी म्हणून लागले, त्याला आठ महिने झाले होते.

पहिल्याच आठवड्यात मी टेसीच्या जागेची मापं घेतली होती. जमिनीपासून यंत्राच्या कळांची उंची एक्क्याऐंशी सेंटिमीटर. बसल्यावर तिचं कोपर सहासष्टवर. उंची भरून काढायला ती दोन टेलिफोन डिरेक्टरींवर बसे, मग पाय लोंबकळत. तरीही खांदे उचललेले आणि मनगटं मागे मुडपलेलीच. अशा मनगटातून बोटांच्या स्नायूंच्या दोऱ्या दिवसभर ओढल्या गेल्या तर त्या सुजणार. त्यात गूढ काही नाही.

आमच्याकडे मोठ्या साहेबालाही नावानेच हाक मारतात. पायरी कळते ती खुर्चीवरून. चौथ्या श्रेणीपासून पुढे हात असलेली, वरखाली होणारी खुर्ची. खालच्यांना चार पायांची, ठोकळ्यासारखी. वरखाली होणाऱ्या नऊ खुर्च्या कोठारात प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडल्या होत्या. त्यांच्यावर बसण्याइतकी मोठी माणसं शिल्लक नव्हती, म्हणून. मी त्या खाली मागितल्या. व्यवस्थापक ब्रायन पेटिफर म्हणाला, “टेसीला ती खुर्ची दिली तर उद्या ती श्रेणी मागेल. तू अजून नवी आहेस, पोरी.”

मग मी फुकटात मिळणारी गोष्ट मागितली. दर तासाला दहा मिनिटं हात थांबवायचे. ब्रायनने ती जागच्या जागी मान्य केली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

तीन महिन्यांत हातदुखीच्या तक्रारी सहाच्या अकरा झाल्या. वरच्या मजल्यावरचे पुरुष लिफ्टमध्ये मनगटं लोंबवून एकमेकांना ‘कांगारूचा पंजा’ करून दाखवू लागले. ब्रायनने मला बोलावून कागद पुढे सरकवला. “विश्रांती दिली, दुखणं वाढलं. म्हणजे ते हातात नाही, डोक्यात आहे. भूमध्य समुद्राकडच्या बायका जरा हळव्याच असतात. शुक्रवारी डॉक्टरांना हेच आकडे दाखवणार आहे. आकडे तुझेच आहेत.”

आकडे खरे होते. राग येऊनही मला ते खोडता येईनात.

गुरुवारी सकाळी मी खाली गेले. टेसीला तात्पुरतं अर्ज क्रमाने लावायचं काम दिलं होतं. ते ती डाव्या हाताने करत होती.

“आलीस? पट्टी आणलीस का परत?” ती म्हणाली. “माझी उंची वाढली नाही अजून.”

“नुसती बसणार आहे.”

“बस. पण ब्रायनने पाहिलं तर म्हणेल, हिच्याही डोक्यात दुखायला लागलं.”

शेजारच्या यंत्रावर मिर्याना होती. दहाला दहा कमी असताना तिने हात मांडीवर ठेवले. दहा वाजता उचलले आणि अशी सुटली की कळांचा आवाज सलग ऐकू येऊ लागला. मी घड्याळ धरलं आणि तिच्या पडद्यावरचा आकडा बघत राहिले. मिनिटाला दोनशे चाळीस ठोके.

“मिर्याना, पूर्वी इतकी घाई नसायची तुला.”

“पूर्वी तासाला साठ मिनिटं होती, बाई.” तिने मान वळवली नाही. “आता पन्नास आहेत. ठोके मात्र बारा हजारचे बारा हजारच. शुक्रवारी यादी लागते भिंतीवर. कमी पडली तिचं नाव लाल शाईत.”

“मग हे मला सांगितलं का नाही कुणी?”

टेसी हसली. “अगं, तूच दिलीस ना ती दहा मिनिटं? आम्हाला वाटलं, तुला माहीत असेल.”

मी खाली मान घातली. माझ्या शिफारशीत थांबायचं लिहिलं होतं. कोटा कमी करायचं लिहिलंच नव्हतं. साठ मिनिटांचं काम मी त्यांच्याकडून पन्नास मिनिटांत करून घेत होते, वीस टक्के जास्त वेगाने, त्याच टेबलावर, त्याच मनगटांनी. आणि याला मी विश्रांती म्हणत होते.

मुकादमीण नोरीन टली दर तासाचे आकडे छापून ठेवायची. मी ते मागितले. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

“ब्रायनने विचारलं तर?”

“मी घेतले म्हणून सांग.”

“मी दिले म्हणून सांगेन,” ती म्हणाली आणि चार जाड गठ्ठे टेबलावर ठेवले. “माझी बहीणही हेच काम करायची. आता वेणी घालायला तिला मुलगी लागते.”

शुक्रवारी ब्रायनने कंपनीचे डॉक्टर मॉन्क्टन यांना आपला कागद दिला. त्यांनी तो वाचला, टेसीचं मनगट दाबून पाहिलं आणि पेन उघडलं. “सूज फारशी नाही. घरी विणकाम वगैरे?”

“घरी मी भाकरीसुद्धा विकतची आणते, डॉक्टर,” टेसी म्हणाली.

मी मिर्यानाचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. विश्रांतीच्या आधी मिनिटाला दोनशे, नंतर दोनशे चाळीस. बावीसही जणींचं तेच. नव्या पाचही तक्रारी त्यानंतरच्या. “चूक माझी आहे,” मी म्हणाले. “मी थांबायला सांगितलं, कोटा कमी करा असं लिहिलं नाही. पण हे आकडे डोक्यातल्या दुखण्याचे नाहीत.”

“लवकर टाइप करा असं मी कुणाला म्हटलेलं नाही,” ब्रायन म्हणाला.

“नाही म्हटलंस,” टेसी म्हणाली. “लाल शाई म्हणाली.”

डॉक्टरांनी तक्ता दोनदा वाचला. मग लिहिलेली अर्धी ओळ खोडली आणि तिच्यावर लिहिलं: दुखणं कामामुळे. यंत्रावर बसवू नये.

ब्रायनला राग आलेला दिसला नाही. तो हिशेब करत होता. “ठीक आहे. विश्रांतीनेच अपाय होतो म्हणता, तर सोमवारपासून विश्रांती बंद.”

टेसी त्याच्याकडे वळली.

“बंद कर. आम्ही तरीही थांबणार. आणि उरलेली पन्नास मिनिटं पूर्वीच्याच चालीने चालवणार. दहा हजार होतील. सगळ्यांचीच नावं लाल लिही, ब्रायन. बावीस नावं आहेत, शाई जास्त मागवून ठेव.”

“बावीस कशा? तू यंत्रावर नाहीस.”

“माझंही लिही.”

तिने कागदाखाली डाव्या हाताने सही केली. एकेक अक्षर काढत, बराच वेळ लावून. आम्ही दोघी तो कागद नोंदवायला वर गेलो. तिथल्या कारकुनाने तिची फाइल काढली, दोन सह्या शेजारी शेजारी धरल्या आणि कागद परत सरकवला.

“जुळत नाही. नेहमीच्या हाताने करून आण.”

टेसीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने उजवा हात काउंटरवर ठेवला आणि बोटं पेनाभोवती वळवायला लागली.

मी पेन तिच्या हातातून काढून घेतलं. त्या वेड्यावाकड्या सहीखाली मी लिहिलं, ही सही माझ्यासमोर, डाव्या हाताने केली आहे. उजवा या कंपनीच्या कामाने निकामी झाला आहे. खाली माझं नाव, हुद्दा, तारीख.

“असं लिहायची पद्धत नाही,” कारकून म्हणाला.

“शिक्का मार,” मी म्हणाले. त्याने मारेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.